एकेचाळीस वजनं

रविवार, १४ सप्टेंबर, दुपारी

प्रिय मास्तर,

तुझं पत्र येऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले. उत्तर पाठवलं नाही, माफ कर. कामाचा व्याप होता असं लिहिणार होते, पण दोन वर्षं कोणाला एवढा व्याप नसतो. उशिरा का होईना, मुलगी झाल्याचं तू कळवलंस. वजन बरोबर तीन किलो, असंही लिहिलंस. मी ते पत्र आईला वाचून दाखवलं, घडी करून डायरीत ठेवलं आणि रोज डायरी लिहिताना ते बाजूला सरकवत राहिले. आई अजून विचारते, मास्तरांचं काही कळलं का. या घरात तुला तेच नाव राहिलं आहे. आता ती बाळ कसली, पळत असेल. तिच्या सगळ्या खोड्या मला सविस्तर ऐकायच्या आहेत, पण हे पत्र वाचून झाल्यावर तुला लिहावंसं वाटलं तरच लिही.

आधी आमच्याकडचं सांगते. औषधखोली होती तिथेच आहे, जिन्याखाली, त्या एका खिडकीची. मुलांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. रडण्याचा आवाज जिन्यावरून उतरतो, त्याची सवय झाली होती. गेल्या चार दिवसांत ती सवय मोडली. एखादं मूल रडायला लागलं की माझा हात थांबतो. तू केलेला प्रोग्राम अजून चालू आहे, म्हणजे गुरुवारपर्यंत होता. तोच खोका, तोच पिवळा पडलेला कीबोर्ड. कोणी हसलं की मोठ्या मॅडम म्हणायच्या, तो कधी आजारी पडत नाही, रजा मागत नाही, तुमच्यापेक्षा बरा. बाळाचं वजन टाकायचं, छापील चिठ्ठी बाहेर येते: इंजेक्शन किती, दिवसातून किती वेळा. तुझा प्रोग्राम आला त्या आठवड्यात भिंतीवरचा डॉक्टरांचा तक्ता आम्ही उतरवला होता. त्याचा खिळा अजून भिंतीत आहे. मी त्याला माझी पिशवी अडकवते.

पुढच्या महिन्यात नवीन यंत्रणा बसणार आहे, संपूर्ण इस्पितळाची एकच. ती बसवणाऱ्यांनी मॅडमकडे जुने नियम लेखी मागितले आणि त्याखाली सही मागितली, की हिशोब तपासला आहे, हा असाच्या असा नवीन यंत्रणेत घालावा. मॅडमनी मला बोलावलं. म्हणाल्या, मागच्या वेळी तूच तपासलं होतंस, तेव्हा आताही सही तुझीच. सप्टेंबरअखेरपर्यंत दे. एवढंच बोलून त्या दुसऱ्या कागदाकडे वळल्या. मी हो म्हणून बाहेर आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की जबाबदारी मोठी आहे म्हणून बसावंसं वाटलं.

त्या दिवशी डायरीत लिहिलं: ‘या वेळी समजल्याशिवाय सही नाही. प्रोग्राम वाचायला शिकायचं.’ तू जाताना ठेवलेला छापील कागद माझ्या कपाटात आहे, कडेला भोकं असलेला, सात पानांचा लांबच लांब पट्टा. पहिल्या ओळीत तुझं नाव आणि तारीख. तो मी अकरा वर्षं जपून ठेवला, पण वाचला कधीच नाही. लोक पत्रं जपून ठेवतात, मी हे ठेवलं. असो.

तर पंचेचाळिसाव्या वर्षी मी कॉम्प्युटरच्या पुस्तकांच्या दुकानात गेले. तू हसशील. तीन संध्याकाळी गेले, कामावरून सुटल्यावर. दुकानदार म्हणजे जुन्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला म्हातारा माणूस. डोळ्यांवर जाड चष्मा, बोलणं तिरकं. आजूबाजूला कॉलेजची पोरं, आणि त्यांच्यात मी जेवणाचा डबा घेऊन उभी. पहिल्या दिवशी मी सगळ्यात जाड पुस्तक उचललं, नवशिक्यांसाठी असं वर लिहिलेलं. सातशे पानं. लेखक पानोपानी विनोद करत होता आणि तीन आठवड्यांत तुम्ही तरबेज व्हाल म्हणत होता. नवव्या पानावरच मला घाम फुटला. दुसरं पुस्तक गाड्यांची शर्यत बनवायला शिकवणारं होतं. शर्यत कोणाला हवी होती! तिसऱ्यात नुसती चिन्हांची कोष्टकं. ती पाठ करायची म्हटलं तर मी केली असती, पाठांतर माझं पक्कं आहे, पण पाठ करून समजत नाही हे मला एव्हाना कळून चुकलंय.

दुसऱ्या दिवशी दुकानदारानेच विचारलं, बाई, तुम्हाला करायचंय काय नेमकं? मी म्हटलं, दुसऱ्याने लिहिलेलं वाचायचंय. तो चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागला. म्हणाला, इथली सगळी पुस्तकं लिहायला शिकवतात. वाचायला शिकवणारं एकही नाही. लोकांना आपापलं लिहायची घाई असते, दुसऱ्याचं कोण वाचतो? मग त्याने मला पुस्तक निवडायची त्याची रीत सांगितली, ती तुला सांगते, कारण ती तुझ्या तोंडी शोभली असती. पहिला धडा बघूच नका, म्हणाला, पहिला धडा सगळ्यांचा गोड असतो. पुस्तक मध्यावर उघडा. लेखक तिथे स्वतः चुकून दाखवतो का बघा. जो चुकतच नाही तो तुम्हाला शिकवणार नाही, तुमच्यासमोर मिरवणार.

तिसऱ्या दिवशी त्या रीतीने पाच पुस्तकं मध्यावर उघडली. चारांमध्ये लेखक न अडखळता चाललेला. पाचवं पातळ होतं, दहाबारा वर्षांच्या मुलांसाठी. त्यात मध्यावरच एक धडा होता: ‘मी इथे चुकलो’. ते घेतलं. पोरांच्या पुस्तकांच्या ढिगातून निघालेलं म्हणून दुकानदाराने विचारलं, नातवासाठी का? मी म्हटलं, लग्न केलं असतं तर कदाचित. तो इतका ओशाळला की पिशवीत घालून द्यायचंही विसरला.

आईला मात्र मजा वाटली. या वयात हिने पाटीपेन्सिल घेतली, असं ती शेजारणीला सांगून आली. जेवण झालं की मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पुस्तक घेऊन बसायची, आई समोर भाजी निवडत. लेखकाची पद्धत चांगली आहे. तो एक एक ओळ घेतो आणि मशीन ती कशी वाचेल हे सांगतो. मशीन हुशार नसतं, म्हणतो तो, ते आज्ञाधारक असतं, आणि आज्ञाधारकाइतकं भीतीदायक कोणी नाही. मुलांच्या पुस्तकात असं वाक्य! मी ते डायरीत उतरवून ठेवलं. पंधरा दिवसांत तुझ्या पट्ट्याची दोन पानं मला वाचता यायला लागली. मास्तर, तुला खरं सांगू, त्या दिवसांत मला आनंदही होत होता. ही इथे त्याने वजन विचारलं, हे इथे ठेवलं, हे गुणलं. तुझं बोलणं ऐकू यायचं. मध्येच एका ओळीत तू स्वतःसाठी लिहून ठेवलेलं सापडलं, ‘इथे ती शंका काढणार’. मी एकटीच हसले. आईने विचारलं काय झालं, तर म्हटलं काही नाही, उदाहरण गमतीचं आहे.

बुधवारी तो मधला धडा आला. त्यात एक मोठा झोपाळा आहे आणि त्याच्याजवळ उंचीची पाटी. पाटीवर लिहिलंय, रेघेपेक्षा बुटक्या मुलांना बसता येणार नाही. लेखक प्रोग्राम लिहून दाखवतो, चालवतो, शंभर मुलांची उंची घालतो, सगळी उत्तरं बरोबर येतात. मग चित्र आहे. दोन वेण्यांची एक मुलगी, डोकं बरोबर रेघेला टेकलेलं. प्रोग्राम तिला परत पाठवतो. लेखक लिहितो, मी इथे चुकलो. रेघेच्या खूप वरची आणि खूप खालची मुलं घालून मी खूश झालो होतो. चूक मध्यावर राहत नाही, कडेवर बसते. तपासायचं तर कडेवरचं आधी तपासा.

मी ते आईला वाचून दाखवलं आणि विचारलं, या पोरीला बसू द्यायचं की नाही? आई म्हणाली, “मला काय विचारतेस? ज्याने पाटी लिहिली त्याला विचार.” आणि भाजीचं ताट उचलून आत गेली. डॉक्टरांचा तक्ता मला पाठ आहे, अजूनही झोपेत म्हणेन. तीन किलोच्या आत, दिवसातून दोन वेळा. तीन किलो आणि पुढे, दिवसातून तीन वेळा. मी तुझा पट्टा पसरला. चौथ्या पानावर, वरून अकरावी ओळ. तिथे ते चोचीसारखं चिन्ह आहे, ‘पेक्षा कमी’चं. त्याच्या शेजारी दोन आडव्या रेघा आहेत. कमी किंवा तेवढंच. शाई फुटली असेल म्हणून मी भिंग आणलं. शाई फुटलेली नव्हती.

गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. खोका चालू केला. तीन टाकलं. चिठ्ठी आली, दिवसातून दोन वेळा. पुन्हा टाकलं. पुन्हा दोन. बरोबर तीन किलोच्या बाळाला दिवसाचं एक इंजेक्शन कमी. मास्तर, त्यात काही दिसत नाही रे. जास्त गेलं असतं तर आरडाओरडा झाला असता, त्याच दिवशी कळलं असतं. कमी गेलं की ताप एक दिवस जास्त राहतो, किंवा चार दिवस. आणि सगळे म्हणतात, हे बाळ जरा नाजूक आहे.

पहिलं काम केलं ते हे: खोका बंद करून त्यावर कागद चिकटवला, ‘वापरू नये, हिशोब हाताने’. तक्ता पुन्हा लिहून खिळ्याला टांगला. वरच्या सिस्टरला सांगितलं की वॉर्डातली प्रत्येक चिठ्ठी मला पुन्हा बघायची आहे. तिने कारण विचारलं, मी म्हटलं मशीन बिघडलंय. त्या दिवशी वॉर्डात एकही बाळ चुकीच्या चिठ्ठीवर नव्हतं. हे लिहिते आहे ते तुझ्या जिवात जीव यावा म्हणून. माझ्या आला नाही.

कारण मग मी जुनी रजिस्टरं काढली. तुला आठवतो का वॉर्डातला जुना काट्याचा वजनकाटा? त्याच्यावर अर्ध्या अर्ध्या किलोच्या खुणा होत्या. सिस्टर जवळच्या खुणेचा आकडा लिहायची. बाळं तिथेच तर असतात, तीनच्या आसपास. पान उलटावं तिथे तीन, तीन, तीन. चार वर्षांपूर्वी ग्रॅम दाखवणारा नवीन काटा आला आणि वॉर्डातून तो आकडा जवळपास नाहीसा झाला, म्हणजे चूक आपोआप झाकली गेली. जुना काटा फिरत्या दवाखान्याच्या गाडीत गेला, तिथे तो अजून आहे, आणि तिथल्या चिठ्ठ्याही याच खोक्यातून निघायच्या. शुक्रवार, शनिवार रजिस्टरं वाचली. ते इंजेक्शन दिलेली आणि समोर तीन लिहिलेली बाळं बहात्तर. त्यातली काही खरी तीनच्या आतली असतील, म्हणजे त्यांना योग्य तेच मिळालं. कोणती, ते आता त्या काट्यालाही सांगता येणार नाही. अडुसष्टांच्या पुढे ‘घरी सोडले’. चारांच्या पुढे ‘मोठ्या इस्पितळात पाठवले’. त्यापुढे आमच्या रजिस्टरात काही नसतं. त्या चार ओळींवर बोट ठेवून मी किती वेळ बसले होते, माहीत नाही. एकीची आई मला आठवते. हिरवी शाल. ती जिन्यावर बसून माझ्याकडून पाणी घेऊन प्यायली होती.

मॅडम बुधवारपासून गावाला गेल्या आहेत, भाचीचं बाळंतपण. उद्या येतील. त्यांना फोन करता आला असता. केला नाही. गाडी शनिवार-रविवार निघत नाही, खोका बंद आहे, तेव्हा घाई नाही, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही आहे. पण खरं असलं म्हणून तेच कारण असतं असं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालंय. वॉर्डातली सिस्टर माझ्याकडे बघून हसली तरी वाटतं हिला कळलं. काल आईच्या हातून ताट पडलं आणि मी ओरडले. आई म्हणाली, त्या पोरांच्या पुस्तकाने तुझं डोकं फिरवलंय, परत करून टाक.

आणि अजून एक करता येईल, तेही मनात येऊन गेलं. लपवत नाही. नवीन यंत्रणेसाठी जे नियम लिहून द्यायचे आहेत, त्यात मी गुपचूप बरोबर नियम लिहायचा. सही करायची. जुना खोका भंगारात जाईल, तुझा पट्टा माझ्या कपाटात राहील आणि पुढची सगळी बाळं सुखरूप. कोणाला ताकास तूर लागणार नाही. शुक्रवारी पूर्ण दुपारभर मी हा विचार केला. सोपा होता. पण त्या चार ओळींच्या पुढे काय झालं हे कोणी तरी विचारायला हवं. विचारायचं, तर का विचारतोय ते सांगावं लागतं.

आता ती वही. तू प्रोग्राम पूर्ण केलास तेव्हा मला तपासायला एक किलोपासून पाच किलोपर्यंत एकेचाळीस वजनं दिली होतीस, एक दशांशाने वाढत जाणारी. मी प्रत्येकाचं उत्तर हाताने काढलं, पेन्सिलने लिहिलं, मग तुझ्या चिठ्ठीशी ताडून बघितलं आणि शेवटी पेनाने लिहिलं: एकेचाळीसपैकी एकेचाळीस बरोबर. खाली सही. तू सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणालास, या चाळणीतून गेलं म्हणजे संपलं, आता डोळे मिटून वापरा. ती वही तुझ्या पट्ट्याखालीच होती. काल रात्रीपर्यंत मी ती उघडली नव्हती. विसरले होते असं लिहिणार होते. पण विसरले नव्हते. आज सकाळी उघडली. एकविसाव्या ओळीवर, तीनच्या पुढे, कागद पातळ झालाय आणि वरच्या ‘दोन’खाली खोडलेला ‘तीन’ अजून दिसतो. माझं उत्तर बरोबर होतं, मास्तर. आदल्याच दिवशी मी तुझ्या कामात एक शंका काढली होती, ती चुकीची निघाली, सगळे हसले आणि तू हसला नाहीस, गप्प झालास. त्या संध्याकाळी तू पहिल्यांदा आमच्या घरी येणार होतास. आईने चार वेळा खोली झाडली होती. एकविसाव्या ओळीवर उत्तर जुळेना, तेव्हा मी दोनदा पुन्हा करून बघितलं. दोन्ही वेळा तीनच आलं. मग वाटलं, तो चुकत नाही, मीच चुकत असेन, पुन्हा कशाला तोंडघशी पडायचं. खोडरबर घेतलं. ते पुस्तक मी चूक शोधायला आणलं नव्हतं. तिथे काही तरी कारण सापडेल, तुझंच बरोबर निघेल, या आशेने आणलं होतं. तुझी चूक एका चिन्हाची, आणि ती चूक पकडायलाच तर मी होते. माझी पूर्ण शुद्धीत केलेली. उद्या मी हे सगळं सांगणार आहे. पट्ट्यावर तुझं नाव आहे, ते मी झाकू शकत नाही. पण वही त्याच्यावर ठेवणार आहे, म्हणजे आधी ती उघडली जाईल. तुला कोणाकडून फोन येण्याआधी हे माझ्या हातचं मिळावं, म्हणून आज लिहिलं. तुझ्या मुलीचं वजन वाचलं त्या दिवशी मी उत्तर का लिहू शकले नाही, तेही तुला आता कळलं असेल. पत्र टपालात उशिरा पोचेल, म्हणून शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून फोटो काढून आजच तुला पाठवते आहे. तिला सांगितलंय, वाचू नकोस. नाही वाचणार ती. दुसऱ्याचं कोण वाचतो?

तुझीच,
चाळणी

डायरीत, उद्यासाठी: नऊ वाजता, मॅडम खुर्चीत बसायच्या आत, वही एकविसाव्या ओळीवर उघडून त्यांच्या टेबलावर ठेवणे.